मामाच्या रायफलीचा टेकू

इकडून बस बाप्पा, डाव्या अंगाले. उजव्या कानानं मले ऐकू येत नाई. पानी पायजे त घागरीतलं घे. हळू, त्या तिवईले धक्का नोको लावू, तिचा एक पाय आखूड हाये. पाह्यली का नीट? वरच्या खोबनीले चामडं मढवेल हाये. घागरीच्या तिवईले चामडं कोन मढवते? ती घागरीसाठी नव्हतीच. तो रायफलीचा टेकू होता. मामाच्या रायफलीचा.

मामा म्हंजे माहे सख्खे मामा नाई. सारं गावच त्याहिले मामा म्हने. जमीनजुमला चांगला, बायको लवकर गेली, लेकरू नाई. घरात एक थोरली बहीन, तीही रांडावलेली. तिले आमी आत्याबाई म्हनो. माहा घरधनी मामाच्या घरी सालदार होता, अन् मी त्याहिच्याच वावरात निंदायले जाओ.

मामाची एक रीत होती. त्याहिले काई इचारलं की लगेच जबाब नाई. आंधी सास घेत, धरून ठेवत, अर्धा सोडत, मंग बोलत. रायफल अशीच मारा लागते म्हनत, म्हनून बोलन्यालेही तीच रीत लावली. नवा पाव्हना इचारे, "मामा, बरं हाये ना?" अन् मामा छाती फुगवून डोळे रोखून उभे. पाव्हन्याले वाटे ह्याहिले झटकाच आला. आत्याबाई चुलीपासून वरडे, "अरे बोल त्याच्यासंगं, मानूस हाये तो, डुक्कर नाई!"

दुसरी रीत दान्याची. सकाळी ओट्यावर सतरंजी टाकत, रायफल खांद्याले लावत, अन् आत्याबाईले नळीच्या टोकावर जवारीचा एक दाना ठेवायले लावत. काडतूस नाई घालत, खालीच चाप दाबत. दाना पडला नाई पायजे. पडला की त्या दिवशी मामा भाकर खात नव्हते. ताक पिऊन वावरात. अन् दाना पडे. रोजच पडे. गावातले टवाळ येता-जाता इचारत, "काय मामा, आज भाकर का ताक?"

"ताक," मामा म्हनत. सास धरून, अर्धा सोडून.

आता त्याहिनं रायफल काऊन घेतली, थे सांगते. हे गावाले ठावं होतं, पन कोनी तोंडावर काढत नव्हतं.

आंधी मामाजवळ ठासनीची बंदूक होती, बापाच्या वेळची. दारू ठासा, गोळी ठासा, मंग उडवा. धूर इतका का दिसत नाई काई, अन् गोळी जाईन तिकडं जाईन. एका साली भुईमुंगात डुकरं पडले. मामानं संध्याकाळी गोळी मारली. लागली, पन नीट नाई लागली. डुक्कर तरोट्याच्या झुडपात घुसलं. मामा माह्या घरधन्याले म्हनले, "जाय पाहून ये, मेलं असन." तो गेला. मेलं नव्हतं.

मांडीपासून वरपोत फाडला त्याले. बंडी जुपली, मेहकरच्या दवाखान्याले निघालो. पैनगंगेच्या उतारापाशी बैलाहिनं पान्यात पाय टाकले तवाच माह्या मांडीवरचं डोकं जड झालं. मी बंडीवाल्याले म्हनलं, "आता पळवू नोको बैलं. फिरव मांगं." पोरगी माही तवा आंगावर पेत होती.

तेरवी झाल्यावर मामा आमच्या आंगनात आले. बसले. दिवस डोईवर आला तरी बसलेलेच. मी पोरगीले पाजलं, भाकरी टाकल्या, झाडलोट केली, ते तसेच. उठून जाता जाता एवढंच म्हनले, "नाल्याकाठचं वावर तू वाह्य. पीक तुहं, कोनी हात लावनार नाई." अन् ती ठासनीची बंदूक ठान्यात जमा करून आले.

तवा आपला वऱ्हाड नागपूरच्या राज्याले जोडलेला होता. लायसन बुलडान्याच्या कचेरीतून भेटे. मामानं लय चकरा मारल्या. साहेबानं इचारलं म्हने, तुमाले शिकारीचा शौक हाये का? मामा म्हनले, शौक नाई, एक काम अर्धं राह्यलं हाये. साहेबाले काय समजलं कोन जाने, पन लायसन देल्लं. काडतुसं मातर मोजकेच.

रायफल आली तवा पह्यल्यांदा मलेच बलावलं. नळीतून आरपार पाह्यले लावलं. आंदर पीळ होते, सुताराच्या गिरमिटावानी. मामा म्हनले, "या पिळानं गोळी फिरत जाते, सरळ जाते. थ्या बंदुकीवानी नाई. एक गोळी, एक जनावर. दुसरी नाई."

मी म्हनलं, "मंग या खेपी येता का माह्या वावरात?"

सास धरला. "अजून पक्की नाई झाली."

तठून सुरू झालं थे. पक्की करनं.

पह्यले रायफलीचा पट्टा. आलेला पट्टा मामाले पसंत नाई, डाव्या हाताले नीट येढा बसत नाई म्हने. मेहकरच्या मोच्याजवळ जाऊन बसले. मोची म्हने, "मामा, चपलीचं माप पायाचं घेतो, मोटेचं इहिरीचं घेतो. बंदुकीचं कोनाचं घेऊ?" मामानं त्याले आपला दंड मोजायले लावला, कोपर मोजायले लावलं. पट्टा झाला, मंग भोकं जवळ पायजे, मंग बक्कल वाजते, बक्कल बदल. मंग कुंद्याले रबराची गादी, खांद्याले दनका बसला की पुढच्या टायमाले मानूस बिचकते म्हनून. मंग तेल. करडीचं तेल चालत नाई, चिकटते. तिळाचं चालत नाई. मुंबैहून शिशी आली, तिचा वास सगळ्या घराले. आत्याबाई म्हने, "वरनातही तोच वास येऊन राह्यला." मंग माशी. नळीच्या टोकावर नेम धराले जो दाना राह्यते त्याले माशी म्हनते. आंधारात थे दिसत नाई म्हनून तिले पांढरी केली. पांढरी चमकते म्हनून पुसली. पिवळी केली.

गाव म्हने, मामाची नवरी सजून राह्यली, वरात कवा निघते पाहू.

अन् इकडं मी नाल्याकाठी. वावर चांगलं होतं, काळं, पन डुकराहिच्या वाटेवरचं. नाल्यातल्या झाडीतून निघाले की पह्यला घास माहाच. पह्यल्या साली अर्धं गेलं. दुसऱ्या साली जवारी अशी लोळवली की कडबाही कामाचा राह्यला नाई. मी वावरातल्या माळ्यावर बसून गोफन फिरवो, डबा वाजवो, घसा बसे. डुकराहिले सवय झाली डब्याची. आंबाडीची भाजी अन् भरडल्या जवारीच्या कन्या, असे दिवस काढले. पोरगीले आंधी, मंग मले. रडली बिडली नाई मी. रडायले पानी लागते आंगात.

धाड गावाकडून माहा भाऊ आला. वावर पाह्यलं, चुलीकडं पाह्यलं. म्हने, "चाल ना बाई माह्यासंगं. कायले या डुकराहिची चाकरी करून राह्यली?"

मी म्हनलं, "अन् तठी काय करू?"

"तुही भावजय हाये, तिच्या हाताखाली होईन काईतरी."

भावजयीच्या हाताखाली. मी पाह्यल्या होत्या तशा बाया. शेवटच्या पंक्तीले बसते अन् खरवड खाते. पन तो वाईट मानूस नव्हता. मी म्हनलं, "दादा, ह्या सालची जवारी घरात येऊ दे. नाई आली, त कार्तिक संपता बंडी घेऊन ये. मी पोरगीले घेऊन बसते बंडीत, काई बोलत नाई."

तो म्हने, "बोललीस बरं!"

"बोलले."

हे मी मामालेही जाऊन सांगतलं. मामाले त काईतरी वाटलं असनच, कारन दुसऱ्याच दिवशी सुताराले बलावलं न हा टेकू करायले लावला. धावड्याच्या लाकडाचा, तीन पायाचा. सुतार म्हने, "किती उंच करू?" मामा ओट्यावर मांडी घालून बसले, रायफल खांद्याले लावली, म्हनले, "असा." सुतारानं तसाच केला, ओट्याच्या बैठकीचा. अन् मुंबैले कागद धाडून दुर्बीन मागवली, रायफलीवर बसवायची.

दुर्बीन मलकापूरच्या टेसनावर उतरली, बंडीत गवतावर निजवून आनली. गाव लोटलं पाह्यले. एका म्हतारीनं डोळा लावला अन् म्हने, "अगं बाई, थ्या सुनेनं सासूच्या मांगं दूध पेलं!" तिकडं एकच कल्ला झाला. मामानं दुर्बीन उचलली अन् घरात नेऊन ठेवली, पुना कोनाले दाखवली नाई.

मंग नेम बसवनं आलं. नवीन काई बी जोडलं की गोळी सरकते, पुना बसवा लागते. अन् नेम बसवायचा कशावर? माह्या गोवऱ्याहिवर. मी शेनाची मोठी गोवरी थापो, वाळली की मदात चुन्याचा टिपका लावो, अन् मामाच्या पडीक वावरात बांधाले टेकवून ठेवो. मामा मारत. मी जाऊन भोकात बोट घालून पाहो अन् हात हालवून सांगो, इकडं का तिकडं. काडतूस मोजकं, म्हनून एक गोळी मारली की मामा दिवसभर इचार करत. गाव म्हने, "मामानं आज गोवरी मारली. चुलीले भेव वाटून राह्यला!" पन दसऱ्याच्या आंधी एक गोळी टिपक्याच्या अगदी काठाले लागली. मामा पह्यल्यांदा हासलेले पाह्यले मी. म्हनले, "आता आठ दिवस. दसरा होऊ दे."

दसऱ्याले हत्यारं पुजते. कोयते, इळे, कुऱ्हाडी, सारे मांडून हळद-कुकू लावते. मामा रायफल पुजू देत नव्हते. "तिनं अजून काई केलं नाई, पूजा कायची?" आत्याबाईले हे पटे ना. इतक्या लांबून आलेली वस्त, साऱ्या गावानं डोळे लावलेले, नजर लागली असन त? मामा सोनं वाटायले गेले अन् आत्याबाईनं लेकराले लावते तशी तीट लावली. काजळाची, एरंडीच्या तेलातल्या. कुठी? दुर्बिनीच्या काचेवर. डोळा थोच ना तिचा!

मामा आले, डोळा लावला, त मदात काळं. त्याहिले वाटलं बांधावर डुक्कर हाये. इकडं फिरवली तरी डुक्कर, आभायाकडं केली तरी डुक्कर.

"बाईऽऽ!"

थे वरडनं सास न धरता झालं. आत्याबाई म्हने, "मी त चांगलंच केलं बाप्पा." मामानं धोतराच्या सोग्यानं पुसलं, तेल पसरलं. पुना पुसलं. मंग पेच काढून आंदरून पुसायले गेले अन् तेल आंदर उतरलं. बसवली तवा सारं धुकट. आत्याबाई दोन दिवस जेवली नाई. मामाही जेवले नाई. बहीन-भाऊ दोन कोपऱ्यात ताक पेत बसले.

अशानं दिवाळी गेली, कार्तिक लागला. मंग मी गेले. जवारी दुधात आली होती, कनसं हातभर. आंधल्या दिवशीच डुकराहिनं खालचा कोपरा उकरला होता. मामा दुर्बीन फडक्यात बांधून राह्यले होते.

"मुंबैले धाडतो दुरुस्तीले," म्हनले. "आली की लगेच."

मी म्हनलं, "मामा, जवारी थांबत नाई. डुक्करही मुंबैची वाट पाहून नाई राह्यले."

"पक्की नसता नाई नेत मी. एकदा नेली तशी."

"कोनासाठी पक्की करून राह्यले तुमी?"

सास धरला. मी म्हनलं, आज सोडू नाई द्यायचा ह्याहिले. "थो गेला मामा. त्याच्यासाठी आता कितीही पक्की केली तरी थो येत नाई. मी जिती हाओ. माही पोरगी जिती हाये. आमची बंडी येऊन राह्यली."

आत्याबाई कोपऱ्यातून म्हने, "बोल बाई, बोल. माह्यानं नाई होत."

मामानं हात पुढं केले, दोनी. थरथरत होते, बारीक, भाकरीचं पीठ चाळतानी चाळन हालते तसे. म्हनले, "त्या दिवसापासून असे हाये. पट्ट्यानं थांबन वाटलं. टेकूनं थांबन वाटलं. दाना रोज पडते, तू पाह्यतेच."

"पाह्यते ना. दाना बंदुकीनं पडत नाई, हे मले कवाचं ठावं हाये," मी म्हनलं. "मंग त्या हातानंच चाला. दुसरे हात कुठून आनसान?"

मामानं ते हात मांडीवर टेकले. मंग उठले. दुर्बीन काढेलच होती. पिवळी माशी नखानं खरवडली. पट्टा अन् रबराची गादी तशीच राहू देल्ली. टेकू खांद्यावर घेतला.

दिवस बुडायच्या आंधी आमी वावरात. पोरगी आत्याबाईजवळ ठेवली. माळ्यावरून मारा म्हनलं त मामा म्हनले, माळा झुलते. मुंग निघालेलं पट्टं मदात रिकामं होतं, त्याच्या पलीकडं नाल्याची काट्याची कुपाटी, अन् कुपाटीले डुकराहिनं पाडलेलं खिंडार. आलीकडच्या बांधावर टेकू लावला. कार्तिकातली काळी जमीन, ह्या अशा भेगा. एक पाय भेगेत गेला अन् मोडला. तोच हा आखूड पाय. अन् तसाही काई कामाचा नव्हता थो, ओट्याच्या मापाचा. खाली बसलं की बांधावरचं गवत डोळ्यापुढं, खिंडार दिसेच ना. उभ्यानं मारा लागत होतं, अन् उभ्यानं मामाचे हात...

मामानं रायफल खाली घेतली. म्हनले, "चाल घरी."

मी त्याहिच्या पुढं जाऊन उभी राह्यली, पाठ करून. पाय रोवले. म्हनलं, "ठेवा."

"काय?"

"नळी. माह्या खांद्यावर ठेवा. लाकडाचं नसन जमत त हाडाचं पाहू."

"येडी झाली काय? कान जाईन तुहा."

"कान पिकत नाई मामा. जवारी पिकते."

मामानं बाजूच्या पऱ्हाटीचं एक बोंड तोडलं, सरकी काढली अन् कापूस माह्या हातात देल्ला. "दोनी कानात घाल. नीट दाबून." रायफलीले इतक्या साली इतकं काई जोडलं, त्या दिवशी हे एकच नवं. मी घातला. नळी उजव्या खांद्यावर आली, थंडी. मी पदर दातात धरला अन् दोनी हातानं पट्टा खाली ओढून धरला. मामाचे हात माह्या खांद्याले समजून राह्यले होते, थरथर, थरथर. मंग हळूहळू कमी झालं. माह्या हाडात जिरलं असन.

दोनी कानात कापूस, काई ऐकू येई ना. डुक्कर आलेलं कसं समजन? उजेड चालला होता, मामाची नजर म्हतारी. डुकरं उजव्या अंगाच्या झाडीतून येत, म्हनून मी एक हात सोडला, उजव्या कानातला कापूस काढला अन् खाली टाकला. मामाले सांगतलं नाई.

थे आलं. आंधी काड्या मोडल्याचा आवाज, मंग नाक फुरफुरल्याचा. मी पट्टा जरासा ओढला. मामानं सास घेतला, मीही घेतला. त्याहिनं धरला, मी धरला. खिंडारात काळं उभं राह्यलं, सुळा दिसला. त्याहिनं अर्धा सोडला. मीही सोडला.

मंग आभाय फाटलं.

वास आला, दारूचा अन् मुंबैच्या तेलाचा. ऐकू काई येई ना. मामा माह्यापुढं येऊन काई बोलून राह्यले, त्याहिचं तोंड हाले. मी खिंडाराकडं बोट केलं. काळं आडवं पडलं होतं, अर्धं कुपाटीत.

मी पाहायले निघाले. मामानं माहा दंड धरला. डाव्या अंगाले आले, कापूस ओढून काढला, अन् कानाशी म्हनले, "तू नाई. तू अठीच थांब. आता मी जातो."

अन् गेले. रायफल हातात, पन वर नाई, खालीच धरलेली. मुंगाच्या पट्ट्यातून एकटे, हळूहळू. माह्या घरधन्याले झुडपाकडं धाडलं होतं तवा मी कडब्याच्या गंजीपाशी उभी होती. आता बांधावर उभी होती. मामा पोचले, वाकले, पायानं ढकललं. मंग तठीच बसले, डुकराच्या बाजूले, अन् दोनी हात मांडीवर ठेवून पाह्यत राह्यले.

त्या साली जवारी घरात आली. भाऊ बंडी घेऊन आला तवा मी खळ्यावर होती. म्हने, "चालते ना?" मी म्हनलं, "चालते. पन बंडीत मी नाई, पोतं जाईन. भावजयीले नवी जवारी दे." थो हासला, पोतं घेऊन गेला. मंग कवा बलावलं नाई त्यानं.

पुढच्या दसऱ्याले मामानं रायफल पाटावर मांडली. बाया जमल्या. आत्याबाईनं ताट एका सवाशिनीपुढं धरलं त मामा म्हनले, "तिले लावू दे." म्हंजे मले. रांडावलेल्या बाईनं हळद-कुकू लावायचं? बाया एकमेकीकडं पाहू लागल्या. आत्याबाईनंच ताट माह्या हातात देल्लं. म्हने, "लाव वं. काचेवर नोको लावू, तेवढं ध्यान ठेव."

रायफल त्याहिनं मंग एक-दोनदाच काढली असन. दुर्बीन मुंबैले गेलीच नाई. पट्टा मले देल्ला, गाईच्या घंटीले बांधला होता. टेकू हा असा घागरीखाली. दाना ठेवनं बंद झालं, भाकर खाऊ लागले.

पन सास धरायची सवय मरेस्तवर राह्यली. मी वावरातून येत असली अन् ते समोरून आले, त थांबत. मंग रस्ता आडवा ओलांडून, बंडी येऊन राह्यली असन तरी ओलांडून, माह्या डाव्या अंगाले येत. सास घेत, धरत, अर्धा सोडत.

"जवारी कशी हाये?" म्हनत.

मी म्हनो, "चांगली हाये, मामा."